जमादारांचा ‘कावून’

त्यांना कुणी ‘राम राम’ घातला की ते ‘कावून?’ म्हणायचे. म्हणजे का बरं, कशासाठी घातलास? समोरचा गडबडून जायचा. राम रामला काय कारण द्यायचं? कुणी म्हणायचं, “काही न्हाई जमादार, आसंच.” झालं, जमादारांच्या कपाळाला आठी. “आसंच कुनी काई करत नसतंय,” असं म्हणून ते त्या माणसाच्या पायाकडं बघायचे. चपला, टाचा, पायजम्याला चिकटलेली कुसळं, सगळं निवांत बघून झालं की मग तोंडाकडं. मी रुजू व्हायला गेले त्या दिवशी हातात ऑर्डर, कडक इस्त्री, आणि दारातूनच मोठ्यानं ‘जय हिंद’ घातलं, वर सवयीनं ‘जय भीम’ही घातलं. हा माणूस खुर्चीतून न हलता माझ्या बुटांकडं बघत म्हणाला, “दोन-दोन? कावून?”

मी मनात म्हटलं, आता काही खरं नाही आपलं.

ठाणं कोणतं ते सांगत नाही. नोकरीत आहे अजून, उगीच कुणाच्या डोळ्यावर यायला नको. बीड जिल्ह्यातलं, कोरडवाहू भागातलं, पुढं लिंबाचं झाड आणि मागं जप्तीतल्या मोटारसायकलींचा ढीग असलेलं ठाणं, एवढं पुरे. शिरूर कासारकडं दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघून जातात, तशीच आमच्या हद्दीतलीही जायची. मग पाच-सहा महिने गावात म्हातारी माणसं, कुत्री आणि कुलपं. कागदोपत्री ते हवालदार होते, पण आमच्याकडं हवालदाराला अजून जमादारच म्हणतात, निजामाच्या वेळेपासूनचं आहे ते. गावाकडं राहणाऱ्या त्यांच्या बायकोलाही मी फोनवर “जमादार हायेत का?” असं विचारताना ऐकलंय.

त्यावर हे काय म्हणाले असतील? “कोन बोलायलंय?”

मी महिला शिपाई. टायपिंगची परीक्षा पास, म्हणून संगणकावर बसवली. पोलिसात गेल्यावर जीपमधून फिरायला मिळेल असं मला वाटलं होतं. मिळाली एका बाजूनं कललेली खुर्ची. फिर्याद आली की टाइप करायची, स्टेशन डायरी भरायची, साहेबांचे तक्ते वर पाठवायचे. जमादारांचं टेबल माझ्या शेजारी, खुर्ची भिंतीला टेकवलेली, तोंड दाराकडं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्यांचं ऐकायची. इच्छा असो नसो.

त्यांची एक पद्धत होती. आलेल्या माणसाकडून हकिगत तीनदा ऐकायची. पहिल्यांदा उभ्या-उभ्या, दुसऱ्यांदा बसवून, आणि तिसऱ्यांदा बाहेर लिंबाखाली चालत-चालत. मी एकदा वैतागून म्हटलं, “जमादार, तेच तेच काय ऐकायचं? मला घरी जायचंय.” तर म्हणाले, “पैल्यांदा मानूस शिकवलेलं सांगतो. दुसऱ्यांदा आठवून सांगतो. तिसऱ्यांदा त्याला कटाळा येतो, तवा खरं सांगतो.” मी म्हटलं, “आणि पहिल्यांदाच खरं सांगणारा असला तर?” ते म्हणाले, “आसा अजून भेटला न्हाई. तुला भेटला का?”

एक जण मोटारसायकल चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन आला. किती सुरेख सांगितली त्यानं! तारीख, वेळ, चेसिस नंबर, कुठं लावली, कुठून बघितली, सगळं ओळीनं. मला टाइप करायला इतकं सोपं गेलं की मी त्याला चहा सांगितला. तो गेल्यावर जमादार म्हणाले, “खोटं हाय.” कशावरून? “लई सरळ बोलला. गाडी गेलेल्या मानसाला गाडी शेवटी आठवती. आधी त्याला आठवतंय की बायको नगं म्हनली होती, मंग शेजाऱ्याचं कुत्रं भुंकलं न्हाई ते, मंग गाडी.” आठ दिवसांनी ती गाडी त्याच्याच मेव्हण्याच्या कडब्याखाली सापडली. विम्यासाठी केलेलं. जमादारांना त्याचा आनंद वगैरे काही नाही. ते म्हणाले, “मेव्हण्यानं कडबा कावून दिला आसंल?”

आता असा माणूस शेजारी बसला की कोण सुखानं काम करील? मी डबा उघडला की ते भाजीकडं बघायचे. उशिरा आले की घड्याळाकडं नाही, माझ्या स्कूटीच्या चाकाकडं बघायचे. मला वाटायचं, ह्यांच्या डोक्यात माझी एक फाईल उघडलेली आहे आणि तिच्यात रोज एक पान लागतंय. पण गंमत अशी की संशयातून त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नव्हतं. घरी निघताना माझ्या टेबलापुढं उभं राहून ते पँटचे दोन्ही खिसे बाहेर ओढायचे. “बघ.” पहिल्या वेळी मी लाजलेच. “मी कशाला बघू तुमचे खिसे?”

“कावून? मी पोलीस हाय म्हनून?”

खिशात रुमाल, सुपारीची पुडी आणि कुठल्यातरी फिर्यादीनं दिलेला देवाच्या अंगाऱ्याचा कागद. तो कागदही ते उलगडून दाखवायचे. बाकीचे शिपाई हसायचे. मीही हसायची, तोंडावर हात ठेवून.

एका शाळेनं पोलीस सप्ताहात भाषणाला माणूस मागितला तर साहेबांनी ह्यांना धाडलं, आणि फोटो काढायला मला. साहेबांनी लिहून दिलेलं भाषण जमादारांनी खिशातच ठेवलं. एक पोरगी उठून म्हणाली, “पोलीस कशासाठी असतात?” मी मनात म्हटलं, सांगा आता, कायदा आणि सुव्यवस्था. जमादार म्हणाले, “लोक एकमेकाला भेत्यात. समदेच जागे बसले तर सकाळी रानात कोन जाईल? म्हनून एक मानूस जागा ठेवायचा. तो पोलीस.” पोरगी काही बसेना. “मग त्या माणसाला भ्यायचं का?” “भ्यायचं न्हाई. पन त्याच्यावर डोळा ठेवायचा. तो जागा हाय का, का नुसतं जागं आसल्याचं सोंग करतोय, ते बघायचं.” हेडमास्तर खोकायला लागले. मी फोटो काढला तो हलला. तेव्हा मला ते सगळं म्हाताऱ्याचं काहीतरी वाटलं होतं.

साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिनं सगळं साहेबावर ढकललं. तरुण होते, पुण्याकडचे, हुशार. त्यांनी ठाण्याला रंग दिला, बायकांना बसायला वेगळी खोली केली, गावोगावचे व्हॉट्सॲप ग्रुप काढले. आणि गस्तीसाठी ते चौकटीचे स्टिकर आणले. गावात देवळावर, शाळेवर, बँकेवर, ओस आळीच्या तोंडाला एकेक क्यूआर कोड. गस्तीच्या माणसानं तिथं जायचं, मोबाईलनं तो कोड वाचायचा, खाली शेरा टाकायचा, की साहेबांच्या संगणकावर त्या गावापुढं हिरवा ठिपका. पोलीस किती वाजता कुठं होता, सगळं खडान्‌खडा. दर आठवड्याला तालुक्या-तालुक्याचे ठिपके वर मोजले जायचे.

जमादारांनी त्या स्टिकरलाही बराच वेळ न्याहाळलं. “ह्यो मला बघायलाय का मी ह्याला?” म्हणाले. पण काम मात्र चोख. ते गावात जायचे, कोड वाचायचे, आणि त्यानंतर ओस आळीत शिरून एकेका कुलपाला हात लावून ओढून बघायचे. मी म्हटलं, “ॲपमध्ये कुलपाचं काही विचारत नाहीत.” “कुलूप तर इचारतंय.” असं त्यांचं बोलणं.

आणि आम्ही बाकीचे? आता खरं बोलायचं तर तोंड कडू होतं. पंधरा दिवसांत शोध लागला की कोडचा फोटो काढून ठेवला तरी तो वाचला जातो. ॲप नवीन होतं, जागा नीट धरत नव्हतं. मग काय, प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सगळ्या गावांचे फोटो. कुणी मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवता-जेवता तीन गावं ‘फिरून’ यायचा. साहेबांचा तक्ता हिरवागार. जमादारांना कुणी सांगितलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आमच्या हद्दीतल्या अशाच एका ऊसतोडीच्या गावात लिंबाजीआबा नावाचा माणूस होता. ऊसतोडीत मोळी उचलताना त्याचा उजवा हात गेलेला. म्हणजे हात होता पण कोयता धरता येत नव्हता. म्हणून तो गावातच राहायचा, आणि निघताना गाव त्याच्याकडं किल्ल्या देऊन जायचं. तीस-पस्तीस घरांच्या किल्ल्या. तो त्या करदोट्याला बांधलेल्या लोखंडी कडीत घालून फिरायचा, आणि प्रत्येक किल्लीला वेगवेगळा धागा. लाल धागा म्हणजे अमक्याची, हिरव्या लुगड्याची चिंधी म्हणजे तमक्याची. वाचता येत नव्हतं, पण एक किल्ली चुकायची नाही. कुणाच्या घरात गळतंय, कुणाच्या म्हाताऱ्या आईला औषध काढून द्यायचंय, सगळं आबा. लोक परत येताना त्याला कुणी गुळाची ढेप, कुणी धोतराचं पान आणायचे. हीच त्याची मजुरी आणि हाच त्याचा मान.

जानेवारीतली गोष्ट. जमादार कोर्टात साक्षीला बीडला गेलेले. त्या गावची दुपारची गस्त साहेबांनी मला लावली. बरंच झालं, मी म्हटलं, एक दिवस तरी बाहेर. पण अकरा वाजता साहेबांचा फोन, मासिक तक्ता आजच वर गेला पाहिजे. बसले तक्ता करत. एक वाजला. ऊन असं की जानेवारी कोण म्हणेल. बारा किलोमीटर जायचं, बारा यायचं, आणि तिथं आहे काय, कुलपं! एक वाजून दहा मिनिटांनी मी मोबाईलमधला त्या गावच्या कोडचा फोटो उघडला, दुसऱ्या मोबाईलनं वाचला, आणि शेरा टाकला: ‘सर्व ठीक. कुलपे सुस्थितीत.’ मग डबा खाल्ला. मेथीची भाजी होती.

तीन वाजता फोन आला. लिंबाजीआबाचाच. ओस आळीतल्या एका घराचं दार सताड उघडं, कुलूप कोयंड्यात लटकलेलं, न तोडलेलं. पेटीतलं गंठण, तांब्याची घागर आणि पाण्याची मोटार गेली.

साहेब स्वतः गेले. कुलूप किल्लीनं उघडलेलं. किल्ली कुणाकडं? लिंबाजीकडं. आबा म्हणाला, सकाळी नऊला मी तालुक्याला दवाखान्यात गेलतो, दीडच्या जीपनं आलो, किल्ल्या माझ्या कमरेलाच होत्या. त्याच्याजवळ दवाखान्याचा कागद होता, वेळ छापलेली. आणि आळीच्या टोकाला एकटी राहणारी एक म्हातारी म्हणाली की बाराची एसटी यायच्या आधी तिनं एक माणूस मोटारसायकलवर पोतं बांधून जाताना बघितला, तोंडाला रुमाल. म्हणजे बाराच्या आत. तेव्हा आबा दवाखान्यात. तो सुटला म्हणायचा, नाही का?

नाही. कारण संगणकावर हिरवा ठिपका होता. एक वाजून दहा मिनिटांनी एक पोलीस तिथं उभा होता आणि सगळी कुलपं बंद होती. मग चोरी बारा वाजता कशी होईल? एक दहानंतरच झाली. दीडला लिंबाजी गावात आला, तीनला त्यानंच ‘चोरी’ शोधून काढली. साहेबांनी बोटांवर मोजून दाखवलं. “म्हातारीला वेळ कळत नाही. आपल्याकडं नोंद आहे.” मग माझ्याकडं वळून, “तू नीट बघितली होतीस ना कुलपं?”

मी म्हटलं, “हो सर.”

दोन शब्द. तोंडातून कशी गेली मला अजून कळत नाही. म्हणजे कळतं. नोकरीला दीड वर्ष झालेलं, घरात पहिली वर्दी माझी, आई गल्लीत सगळ्यांना सांगत फिरायची. ‘नाही सर’ म्हटलं असतं तर? मी स्वतःला समजावलं की आबानंच केलं असेल. किल्ल्या त्याच्याकडं. कुणाच्या पोटात काय असतं, काय सांगावं? बघा, संशय घ्यायला मला जमादारांची शिकवणी लागली नाही.

आबाला दोन दिवस चौकशीला बसवलं. सकाळी जीप त्याला गावातून आणायची, संध्याकाळी सोडायची, सगळ्या गावादेखत. तिसऱ्या दिवशी अटक दाखवायचं ठरलं. जमादार तोवर परत आले होते. त्यांनी कागद बोटानं ओळ-ओळ वाचले, आणि दुपारी नळावर मी हात धुवत होते तिथं येऊन उभे राहिले.

“त्या दिवशी गावात कशी गेलतीस?”

“स्कूटीवर.”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

चार वाजता मी चहा घेत बसलेली. ते समोरच्या बाकावर बसले. “गावात कशी गेलतीस? कोन भेटलं?” मी म्हटलं, “कुणी नाही. ओस आळीत कोण भेटणार?” “म्हातारी दारातच बसलेली आसती. तिनं तुला बघितलं न्हाई.” मी भडकले. “म्हातारीला दिसतं का धड? तुम्हाला माझ्यापेक्षा ती खरी वाटते? तुमचा सगळ्यांवर संशय, आता माझ्यावर पण!” सगळं ठाणं ऐकत होतं. जमादार “तुझ्यावर पैल्यापासून हाय,” म्हणाले.

संध्याकाळी आबाच्या किल्ल्या जप्त करायच्या होत्या. मुद्देमालाची यादी मला करायची. आबा भिंतीला टेकून जमिनीवर बसलेला, मी टेबलावर कडी उघडून एकेक किल्ली काढतेय, मोजतेय, पाकिटात घालतेय. चौतीस. धाग्यामुळं पाकीट नीट बंद होईना म्हणून मी कात्री घेतली. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला.

“ताई, धागे नका काडू. मंग कुनाची कंची ते कळायचं न्हाई. लोक आल्यावर मी काय सांगू?”

उद्या अटक होणार होती आणि माणसाला चिंता होती लोक आल्यावर किल्ल्या कशा द्यायच्या त्याची. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. जमादार दारात होते. “चल,” म्हणाले, “जरा बाहेर.” आम्ही लिंबाखालून फाटकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. ते काही विचारतच नव्हते. तिसऱ्या फेरीला फाटकाशी पोचल्यावर म्हणाले, “कशी गेलतीस?”

“गेले नव्हते,” मी म्हटलं.

ते थांबले नाहीत, चालतच राहिले. “कावून?”

“ऊन होतं. तक्ता होता साहेबांचा. आणि सगळेच करतात.”

“समद्यांचं ऱ्हाऊ दे. तुझं सांग.”

“कंटाळा आला,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. इतकं साधं कारण. एका माणसाचं आयुष्य माझ्या कंटाळ्यापायी बुडणार होतं. मी म्हटलं, जमादार, तुम्हीच साहेबांना सांगा की म्हातारी खरं बोलतेय, माझं नाव कशाला मध्ये? ते म्हणाले, “कोर्टात म्हातारीचा शब्द आन यंत्राचा शब्द समोरासमोर आला तर यंत्राचा धरत्यात. यंत्र खोटं कुनी केलं ते लिहावंच लागंल.”

“मग तुम्ही लिहा.”

“मी लिहिलं तर तो माजा संशय झाला. माज्या संशयाला कोन इचारतंय? तू लिहिलंस तर ते खरं.”

मी काय-काय बोलले त्यांना! म्हटलं, तुम्हाला दुसऱ्याचं वाटोळं झालेलं बघायला आवडतं. म्हटलं, तुम्ही रिटायर व्हाल दोन वर्षांत, माझं सगळं पुढं आहे. म्हटलं, बाकीचे करतात त्यांना का नाही धरत, मी बाई म्हणून, मी अमक्या समाजाची म्हणून? हे शेवटचं बोलले आणि माझीच जीभ चावली मी. जमादार मला आत घेऊन आले आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले. स्टेशन डायरी संगणकावर होती. एकदा नोंद चढली की पुसता येत नाही. चार ओळी लिहायला मला पाऊण तास लागला. ‘सदरची नोंद मी प्रत्यक्ष ठिकाणी न जाता केलेली आहे. कुलपे मी पाहिलेली नाहीत.’ मी बटण दाबलं तेव्हाही हा माणूस सुपारी कातरत बसला होता. मला त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही.

मग ते म्हणाले, “सरक.” पण त्यांना टाइप कुठं येत होतं? त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. ‘सदर बीटचा अंमलदार या नात्याने, कर्मचारी गस्तीस न जाता नोंदी करतात असा मला दोन महिन्यांपासून संशय होता. मी तो वरिष्ठांना कळविला नाही.’

मी बघतच राहिले. “तुम्हाला माहीत होतं?”

“संशय हुता.”

“मग बोलला का नाहीत?”

जमादारांनी अडकित्ता बंद केला. “आपल्याच मानसांवर आला ना. तो गिळला,” म्हणाले. “जगावर घेतला आन घरातला गिळला. बस, दाब ते बटन.”

मी दाबलं.

साहेब खूप चिडले. आधी माझ्यावर, मग जमादारांवर, मग थोडा वेळ कुणावरच नाही, नुसते खिडकीशी उभे. पण एक म्हणेन, नोंद दाबायला त्यांनी सांगितलं नाही. आबाला त्याच संध्याकाळी सोडलं. जमादारांनी ऊसतोडीवर गेलेल्या घरमालकाला फोन लावला आणि एकच विचारत राहिले: नव्या कुलपाला दोन किल्ल्या येतात, दुसरी कुठंय? पहिल्यांदा तो हरवली म्हणाला, दुसऱ्यांदा बायकोला माहीत म्हणाला, तिसऱ्यांदा रडायला लागला. दुसरी किल्ली जावयाकडं होती. मोटार त्याच्याच शेतात निघाली. माझी वेतनवाढ थांबली, जमादारांना लेखी ठपका मिळाला, आणि सेवापुस्तकात इतक्या वर्षांत त्यांचा तो पहिलाच. त्या दिवशीही त्यांनी मला खिसे दाखवले.

आता तुम्ही म्हणाल, झालं की, सुटला आबा. मलाही तसंच वाटलं होतं.

दसरा आला. निघायच्या दिवशी त्या गावात बंदोबस्ताला मी आणि जमादार. टेम्पो, ट्रॅक्टर लागलेले, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं चढवणं चाललेलं. लिंबाजीआबा पारावर बसलेला, मांडीवर ती लोखंडी कडी. रिकामी. लोक येत होते, “येतो आबा,” म्हणत होते, आणि किल्ली कनवटीला खोचून तसेच ट्रॅक्टरवर चढत होते. कुणी वाईट बोललं नाही. त्याला पोलिसांनी सोडलंय, चोर दुसराच निघाला, हे सगळ्यांना माहीत होतं. पण जीपमधून नेलेला माणूस तो. मी एका बाईला विचारलं, किल्ली का देत नाही आबाकडं? ती म्हणाली, “तसं काई न्हाई ताई. पन कशाला बगा.” आबा प्रत्येकाला मान हलवून निरोप देत होता आणि कडी फिरवत होता, फिरवत होता. मला तिथं उभं राहवेना.

जमादार माझ्या शेजारून निघाले. वर्दीत, टोपी घालून, सगळ्या गावासमोरून पारापर्यंत गेले. खिशातून किल्ली काढली. “लिंबाजी, राम राम. मी उद्या बाहेरगावी बंदोबस्ताला चाललोय पंधरा दिवस. क्वार्टरची किल्ली हाय. ठेव.”

 आबा म्हणाला, “जमादार, तुमचं क्वार्टर तर बारा किलोमीटर लांब. माज्याकडं कावून?”

“दुसऱ्या कुनाचा मला भरोसा न्हाई,” जमादार म्हणाले, चांगलं मोठ्यानं. ज्या माणसानं बायकोलाही फोनवर ‘कोन बोलायलंय’ विचारलं, त्यानं. आबानं किल्ली घेतली, करदोट्यातला एक काळा धागा तोडला आणि तिला बांधला. त्याच्या त्या वाकड्या हातानं गाठ मारायला वेळ लागला. जमादार थांबले. मग ट्रॅक्टरवरून एक म्हातारा उतरला. मग ती मघाची बाई. मग रांगच लागली.

मीही गेले. माझंही क्वार्टर होतं, मीही त्याच बंदोबस्ताला चाललेले. खोटा ठिपका माझा होता हे आबाला कळलेलं, आणि जानेवारीपासून त्याच्याशी एक शब्द बोलायचं धाडस झालं नव्हतं मला. किल्ली पुढं धरली आणि म्हटलं, “आबा, माझी पण ठेवा.”

त्यानं वर बघितलं. रागानं नाही. खूप आदरानं, हात जोडून म्हणाला, “तुमची नगं, ताई.”

मी जमादारांकडं बघितलं. ते माझ्या बुटांकडं बघत होते.  मी किल्ली हातात धरून तशीच उभी, काय करावं कळेना, तोवर मागची बाई म्हणाली, “ताई, जरा सरका ना, टेम्पो निगायलाय.” मी सरकले.